काकीची मजुरी

मालवणच्या बाजारात माझ्या भाजीशेजारी मासे विकणाऱ्या काकीचा हिशेब जगावेगळा. लिलावात घेतलेली टोपली संपली की ती खरेदी, बर्फ, रिक्षा, जागेचं भाडं बाजूला काढते आणि मग स्वतःची मजुरीही. बाकीच्या मासेवाल्या हसतात, "गो, मालकीण तूच, मजुरी कसली?"

"मालकीण झालंय म्हणान फुकट राबू?"

मजुरी काढल्यावर बहुतेकदा काहीच उरत नाही. "आज नफो नाय," ती बिनदिक्कत सांगते.

काल बांगडे संपले, सगळं वजा झालं, तरी मांडीवर दोन नोटा उरल्या. काकी उभी राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्यो बघा नफो!"

हसणाऱ्या सगळ्यांना तिने सोडा पाजला. मजुरीच्या नोटा पोलक्यात खोचत म्हणाली, "सोडो नफ्यातलो. ह्ये माझे."