प्रल्हादनं माघार घेतली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझं बाकी सगळं ठाऊक झालं – घोरणं, चिडणं, खोटं बोलताना कानाची पाळी ओढायची सवय – पण हे नाही. मुलांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय, आणि का सांगतोय याबद्दल माझा माझ्यावरही फारसा विश्वास नाही. संशय घेणं हा माझा जुना रोग आहे. तो आधी दुसऱ्यांवर चालला, आता स्वतःवर चालतो.

दुष्काळाचं साल. आमचं गाव शेवगाव तालुक्यात, पूर्वेच्या कोरड्या अंगाला. विहिरी खरवडून झाल्या होत्या, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि सरकारी सुकडीवर पोरं जगत होती. तेव्हा परदेशातल्या एका मदतसंस्थेचं बोअर पाडायचं यंत्र आमच्या भागात आलं. बरोबर एक गोरा साहेब. आम्ही त्याला टॉमसाहेब म्हणायचो. त्याला मराठी येत नव्हती आणि गावाला इंग्रजी. दुभाषे म्हणून दोघांना घेतलं – मला आणि प्रल्हादला.

प्रल्हाद माझ्याच गावचा, शाळेपासून माझ्याच वर्गातला. गावाबाहेरच्या बौद्धवस्तीत घर, वडील नाहीत, आई खडीवर. आम्ही दोघंही बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत पोचलेले, दुष्काळानं घरी बसलेले. आमच्या घरी तो ओट्यापर्यंत यायचा. ओट्यावर बसून आम्ही तासन्‌तास अभ्यास केला, पण त्याला मी कधी आत बोलावलं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं – हेही कबुलीतच धरा.

आमचं इंग्रजी पुस्तकातलं. साहेबाचं तोंडातलं. आम्हाला पोस्टपोन ठाऊक, तो म्हणायचा पुट ऑफ. आम्हाला टॉलरेट ठाऊक, तो म्हणायचा पुट अप विथ. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे बरोबर – याचा अर्थ सहन करणे कसा होतो, सांगा बरं? पहिल्याच आठवड्यात यंत्राभोवती बायकांची घागरी घेऊन गर्दी झाली. वरून पाइप उतरत होता. साहेब ओरडला, ‘बॅक ऑफ!’ बॅक म्हणजे पाठ, एवढं मला पक्कं ठाऊक. मी ओरडलो, ‘बायांनो, पाठ फिरवा!’ पन्नास बायका यंत्राकडे पाठ करून जागच्या जागी उभ्या राहिल्या. प्रल्हादनं पुढं होऊन त्यांना हातांनी मागं सारलं. साहेब हसला. सगळे हसले. मीही हसलो, पण साहेब कुणाकडे बघून हसतोय ते मी नीट बघून ठेवलं.

त्या दिवसापासून प्रल्हादनं एक वही केली. मस्टरच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, कोऱ्या पाठीच्या कागदांची, दाभणानं शिवलेली. मी शब्द पाठ करायचो, तो ऐकायचा. साहेब काय बोलला आणि लगेच हातानं काय केलं, हे तो शेजारी शेजारी लिहायचा. टर्न ऑन – चावी फिरवली, कंप्रेसर सुरू. ब्रेक डाउन – यंत्र बंद, साहेबाची शिवी. आणि त्यानं पानं पाडली होती ती क्रियापदांची नाही, त्यांच्या मागच्या चिमुकल्या शब्दांची. अपचं एक पान, ऑफचं एक, आउटचं एक.

एकदा मला म्हणाला, ‘भाऊ, अप म्हंजी दर टायमाला वर न्हाई. अप म्हंजी पार संपूस्तर. यूज अप, ईट अप. आपली हीर बघ – ड्राय अप झाली.’

‘हे तुला कुणी सांगितलं?’

‘कोन सांगनार? कान हायेत की.’

मला तो आवडायचा. हे खरं आहे. आणि त्या दिवशी त्याच्या त्या हुशारीचा मला हेवा वाटला, हेही खरं आहे.

तिसऱ्या महिन्यात मला ताप आला. दोन दिवस घरी होतो. तिसऱ्या दिवशी न कळवता कामावर गेलो. यंत्राच्या लॉरीमागून येत होतो, तर पलीकडे साहेब आणि प्रल्हाद बोलत होते. कंप्रेसरच्या धडधडीत नीट ऐकू येईना. साहेब म्हणाला – वन मॅन. ओन्ली वन. मग प्रल्हादच्या तोंडून माझं नाव आलं. भाऊ. आणि मग स्पष्ट, एकेक शब्द – लेट हिम डाउन.

मी थांबलो. लेट म्हणजे सोडणे. हिम म्हणजे मी. डाउन म्हणजे खाली.

त्याला खाली सोडा. त्याला उतरवा.

यंत्र पुढच्या जिल्ह्यात जाणार, तिकडे एकच दुभाष्या कायमचा ठेवणार, अशी कुणकुण होतीच. म्हणजे मी तापात पडलेला असताना यानं काम साधलं होतं. मला विचारता आलं असतं ना? ‘प्रल्हाद, लेट डाउन म्हणजे काय रे?’ – रोज दहा वेळा मी त्याला हेच तर विचारायचो. पण मी लॉरीला वळसा घालून पुढून आलो, आणि साहेबाला गुड मॉर्निंग केलं.

मग मला दिसायला लागलं. प्रल्हाद मला बघून वही मिटतो, असं दिसलं. साहेब त्याला सिगारेट देताना आधी इकडेतिकडे बघतो, असं दिसलं. त्याच्या आईनं साहेबासाठी मिलोची, रेशनच्या त्या लाल ज्वारीची, भाकरी आणि ठेचा पाठवला, त्यातही मला डाव दिसला. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काल-परवा साहेब काय म्हणत होता?’

‘काई न्हाई,’ तो म्हणाला, ‘कामाचंच.’

बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. झालं. मला पुरावा मिळाला. आणि एक आत्ताच सांगून टाकतो – माझ्या मनात तेव्हा आलं की, शेवटी आपल्या जातीवर गेला. ओट्यावर बसून माझ्याबरोबर अभ्यास केलेल्या माणसाबद्दल हे माझ्या मनात आलं, आणि इतकं सहज आलं की जणू ते आधीपासून तिथं तयारच होतं. माझ्या आळीतल्या कुणाचं असं अर्धं वाक्य ऐकलं असतं, तर मी त्यावर विश्वास ठेवला असता? नाही. मी आधी त्याला विचारलं असतं.

वरचा मोठा साहेब शेवगावच्या डाकबंगल्यावर शुक्रवारी येणार होता. आम्हा दोघांना भेटून एकाला निवडणार. मंगळवारी टॉमसाहेबानं मला गाठलं. प्रल्हाद त्या दिवशी शेजारच्या गावी दुसऱ्या बोअरवर होता. साहेब म्हणाला, भेट ब्रॉट फॉरवर्ड झालीय – अलीकडे आणलीय. उद्याच, बुधवारी सकाळी दहाला. जीप पाठवतो. प्रल्हादला सांग, विसरू नको.

संध्याकाळी प्रल्हाद सायकलवरून आमच्या ओट्याशी आला. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, ‘शुक्रवारचं पक्कं हाय ना भाऊ?’

मी म्हणालो, ‘पुट ऑफ झालंय. पुढच्या आठवड्यात.’

मी कानाची पाळी ओढली होती का? मला आठवत नाही. त्याचा चेहरा मात्र आठवतो. त्याला बरं वाटलं. म्हणाला, ‘ब्येस झालं. आईच्या हाताला फोड आल्यात. बोअरचं काम बी आज आटपलं. उद्यापास्नं तिच्या जागी मीच जातो खडीवर, तिचा खाडा नगं व्हायला.’

बुधवारी जीप आली. ड्रायव्हरनं विचारलं, ‘परल्हादला न्हाई घ्यायचं का?’ मी म्हणालो, ‘त्याला काम हाय.’ ते खोटंही नव्हतं. शेवगावचा रस्ता खडीच्या कामावरूनच जातो. बायका-माणसं दुतर्फा ओळीनं बसलेली, डोक्याला फडकी, सगळी धुळीनं एकाच रंगाची. तो कुठं बसलाय ते मी शोधलं नाही. जीप हळू झाली, तसा मी सीटवर खाली सरकलो. ड्रायव्हरनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिअर बदलला.

डाकबंगल्याच्या पायरीवर टॉमसाहेब उभा होता. त्यानं जीपमध्ये डोकावून पाहिलं. प्रल्हाद कुठाय?

मी म्हणालो, ‘सर, ही बॅक्ड आउट.’

त्यानं माघार घेतली. क्रियापद बरोबर, काळ बरोबर. आउटच्या पानावरचं, प्रल्हादच्या वहीतलं. असं जोडक्रियापद पुस्तकात न बघता, विचार न करता, इतकं सफाईनं मी पहिल्यांदाच वापरलं. साहेबानं पुन्हा विचारलं – नक्की? मी म्हणालो, हो सर.

मग साहेब जे म्हणाला ते मी मराठीत सांगतो. म्हणाला, नवल आहे. ही जागा मी त्यालाच देऊ केली होती. तू आजारी होतास तेव्हा. तो नाही म्हणाला. म्हणाला, आम्ही दोघं बरोबर आलो, दोघांनाही बघा. आय कान्ट लेट हिम डाउन.

लेट डाउन म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. साहेबाच्या तोंडावरूनच कळलं. ऐन वेळी दगा देणे. मी भाऊला दगा देऊ शकत नाही – लॉरीच्या पलीकडे प्रल्हाद हे म्हणत होता. त्याआधीचा ‘कान्ट’ कंप्रेसरनं खाल्ला होता.

आता इथं नीट ऐका. इथपर्यंतचं तुम्ही कदाचित समजून घ्याल – पोरगं होतं, चुकीचं ऐकलं, चुकीचं समजलं. पण तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जीप दारात होती. खडीचं काम अर्ध्या तासाच्या अंतरावर. मोठा साहेब दुपारी जेवून दोनला निघणार होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं – सर, माझी चूक झाली, मी त्याला आणतो. किती शब्द झाले? इंग्रजीत तर आणखी कमी.

मी चहा घेतला. दोन बिस्किटं खाल्ली. आत बोलावलं तेव्हा गेलो, विचारलेल्याची उत्तरं दिली. बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो आणि दोन वाजेपर्यंत बसून राहिलो. मोठ्या साहेबाची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मला हायसं वाटलं. लाज नंतर आली. आधी हायसंच वाटलं.

गुरुवारी पहाटे यंत्र पुढच्या जिल्ह्यात गेलं, साहेबही गेला. मला सोमवारी तिकडे हजर व्हायचं होतं. प्रल्हाद संध्याकाळी आला. त्याला मी सांगितलं की मोठा साहेब अचानक येऊन थडकला, मी समोर होतो म्हणून मलाच विचारलं. आणि एवढ्यावर थांबलो नाही. ‘तुझ्यासाठी लई बोललो रे,’ म्हणालो. ‘ऐकलंच न्हाई त्यांनी.’

तो सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘टॉमसाहेब तसा वाटला नव्हता. गोड बोलून फसवलं बघ.’ आणि थोड्या वेळानं, ‘तुझं झालं ना, चांगलं झालं.’ वही त्यानं सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. तुला लागंल, म्हणाला.

दोन वर्षं मी त्या यंत्रावर काढली. तिथल्या पगारावर बी.ए. पुरं केलं आणि तिथल्या दाखल्यावर पुढं नगरला हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आजही सांगतात, सरांसारखी क्रियापदं कुणी शिकवली नाहीत – अप म्हणजे वर नव्हे, संपेपर्यंत. प्रल्हादचं बी.ए. राहून गेलं. साखर कारखान्यावर हंगामी लागला, मग कायम झाला, गव्हाणीवर तीस वर्षं उसाच्या मोळ्या ढकलून निवृत्त झाला. त्याच्या घरात कुणी त्याला इंग्रजी बोलताना ऐकलेलं नाही.

मागच्या वर्षी त्याच्या नातीचा साखरपुडा होता. मला आग्रहानं बोलावलं. मी गेलो. त्यानं मला पहिल्या पंगतीला स्वतःच्या शेजारी बसवलं, मग हाताला धरून व्याह्यांपुढं नेलं. त्याची पोरगी कॉलेजात शिकवते, जावईही शिकलेला, सगळे अदबीनं उभे राहिले. प्रल्हाद म्हणाला, ‘हा माझा भाऊ. त्या गोऱ्या साहेबानं मला फसवलं ना, तवा ह्यो एकटा माझ्यासाठी भांडला हुता त्यांच्याशी.’

व्याह्यांनी हात जोडले. नात वाकून माझ्या पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना नमस्कार केला.