डोंगरी चहासाठी बर्मिंगहॅम

सकाळच्या ट्रेनने रीडिंग स्टेशन सोडलं तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. तापवणारे शेजारच्या सीटवर निवांत बसले होते. माझे वडील, नाना. मुक्काम सातारा, सध्या तीन महिने माझ्याकडे.

झालं असं, की आमचा शेजारी आंद्रेआस ग्रीसला गावी गेला आणि एक कुंडी आमच्या पॅटिओवर ठेवून गेला. करडी, लोकरीसारखी पानं, उभ्या दांड्यांवर पिवळी फुलं. 'त्साइ तू वुनू' (डोंगरातला चहा). कोरड्या, खडकाळ उतारांवर उगवणारं झाड. त्याच्या बायकोने लावलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली. "ऊन हवं, पाणी नको," एवढंच त्याने बजावलं होतं. आणि नानांनी आंघोळ झाली की रोज त्याला तांब्याभर पाणी घातलं, तुळशीला घालतात तसं! तीन आठवड्यांत मुळं कुजली.

"अहो नाना, सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"अगं, दारातलं झाड तहानलेलं ठेवायचं?"

कपाळ माझं!

आंद्रेआस त्याच संध्याकाळी परतणार होता. त्याची मेहुणी इरिनी बर्मिंगहॅमला राहते. तिच्याकडे त्याच झाडाच्या फांदीपासून केलेली रोपं होती. एक आणायचं, कुंडीत बसवायचं, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

वाटेत ट्रेन चाळीस मिनिटं अडकली. मी घड्याळ बघत होते आणि नानांनी धपाटी-ठेचा काढला. अख्खा डबा दरवळला.

"लोक बघतायत, नाना."

"बघू देत. भूक लागली असेल."

इरिनीने मागच्या अंगणात खडीच्या वाफ्यात रोपं लावली होती. वाळलेले दांडे फुलांसकट उकळून तिने चहा दिला, वर मध. "घसा मोकळा झाला," नाना म्हणाले आणि आणखी एक कप प्यायले. जणू आम्ही पाहुणचाराला आलो होतो!

निघताना इरिनी मला म्हणाली, "मी नाही सांगणार त्याला. पण त्याला कळेल. पान न् पान ओळखतो तो."

परतीच्या प्रवासात नाना रोप मांडीवर घेऊन बसले होते.

घरी पोचलो तर आंद्रेआस त्याच्या दारात, हातात बॅग. लवकर आला होता. मी नानांच्या हातातलं रोप पाठीमागे लपवणार, तोच नाना ते घेऊन पुढे झाले. "युवर प्लांट, आय किल्ड. डेली वॉटर. व्हेरी सॉरी."

झालं! दिवसभराची धावपळ गेली पाण्यात.

आंद्रेआसने रोप घेतलं. पानावरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले त्याचे. "थँक यू," म्हणाला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

नाना तिथेच उभे राहिले. "सांगायला नको होतं का गं?"

त्यांचा हात धरून मी म्हटलं, "बरं केलंत, नाना." त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांच्याशी न चिडता बोलले.