गणपतीचे डोळे आखणारी

आमच्या आचऱ्याच्या वाचनालयात खिडकीशेजारची एक भिंत रिकामीच असायची. आषाढातल्या बैठकीत ठरलं, आपल्या भागातल्या ज्या लिहिणाऱ्या नि कलाकार बायका गेल्या दोन वर्षांत गेल्या, त्यांचे फोटो त्या भिंतीवर लावायचे. प्रत्येकीच्या फोटोखाली एक फळी, फळीवर तिचं एखादं काम. माहिती जमवायला मला सांगितलं. एक तर मी चार ओळी लिहिते, आणि दुसरं म्हणजे गेलेल्या बायका माझ्याच वयाच्या, माझ्याच ओळखीच्या. आता या वयात ओळखीची माणसं भिंतीवरच जास्त, त्याला कोण काय करणार.

माझ्या मनात दोघी होत्या.

पहिली मिठबावची. शाळेत शिकवायची, निवृत्त झाली आणि गोष्टी लिहायला लागली. चार पुस्तकं झाली तिची. महिन्यातून एकदा एसटीने माझ्याकडे यायची. पिशवीत नव्या गोष्टीची वही आणि वहीला चिकटून सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पुडी, त्यामुळे तिची प्रत्येक गोष्ट मी नाकानेही ऐकलेली आहे. मला लिहायला तिनेच लावलं. मी म्हणायचे, माझी सातवी, मला कुठलं शुद्ध यायला. ती म्हणाली, "बोलतंस तसा लिही गो. शुद्ध करणारे पुष्कळ गावतत." गेल्या शिमग्यात गेली. तिच्या फळीचा प्रश्नच नव्हता, चारही पुस्तकं वाचनालयातच होती.

प्रश्न होता तो दुसरीचा.

दुसरी आमच्या वाडीतलीच, माझ्यापासून तिसरं घर. तिच्या घोवाची, म्हणजे नवऱ्याची, गणपतीची शाळा; मूर्ती घडवायच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणायची पद्धत नाही. नागपंचमीला घरचा पाट शाळेत द्यायचा, पाटावर खडूने घराचं नाव, आणि त्याच पाटावर आपली मूर्ती घडायची. शाळा एकदा ठरली की ठरली, पिढ्या बदलतात पण शाळा बदलत नाही. त्यांच्या शाळेत साठेक पाट यायचे. पाटी घोवाच्या नावाची, माती घोव मळायचा, मूर्ती तोच घडवायचा, हात चांगलाच होता त्याचा, ते नाकारून चालणार नाही. पण डोळे ती आखायची. यंदा आंब्याच्या दिवसांत ती गेली.

बैठकीत मी तिचं नाव घेतलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेक्रेटरी आमच्याच वाडीतला, एरवी मला "काकी, खंय चललंस" म्हणणारा, पण बैठकीत बसला की त्याची भाषा कचेरीतली होते. म्हणाला, मूर्तिकार तर त्यांचे यजमान आहेत, ते हयात आहेत, मग बाईंचा फोटो कुठल्या नात्याने लावायचा? आणि त्यांची स्वतःची अशी एखादी कलाकृती आहे का, फळीवर ठेवण्यासारखी?

आता काय सांगणार. लिहिणाऱ्याचं पुस्तक राहतं, चितारणाऱ्याचं चित्र राहतं. हिने चाळीसेक वर्षं जे जे केलं ते दीड दिवसाने, पाच दिवसांनी, अकराव्या दिवशी आम्हीच वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडलं. फोटो तरी असतील म्हणून मी पुढले पंधरा दिवस घरोघर हिंडले. फोटो ढीगभर निघाले. प्रत्येकात घरची माणसं ओळीने उभी, मुंबईचे पाहुणे पुढे बसलेले, वर देवावर टांगलेल्या माटवीचे नारळ, काकड्या, आणि मागे फुलांच्या हारात बुडालेला गणपती. एकातही डोळे धड दिसेनात. एका घरात तर मला चहा पाजून सगळा आल्बम दाखवला, त्यात गणपतीपेक्षा जावयाचेच फोटो जास्त.

शेवटी श्रावण सरत आला तेव्हा मी तिच्या घोवाकडेच गेले. त्याने दोन ओळी लिहून दिल्या असत्या, डोळे हिचे म्हणून, तर कमिटीचं तोंड बंद झालं असतं. मी त्यांना भावोजी म्हणते. शाळेत बसले होते एकटेच. भोवती भिंतीला लागून सगळे गणपती, रंगून तयार, पितांबर, मुकुट, सोंड, सगळं झालेलं. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. मी विचारलं, हे असे कधीपासून? तर म्हणाले, "वैनी, रंग ओलो आसा अजून."

हे वाक्य ऐकलं आणि मला हसू की रडू झालं. का ते सांगते. पूर्वी श्रावणात कोणी पाट बघायला गेलं आणि डोळे राहिलेले असले की भावोजी हेच सांगायचे. रंग ओला आहे, चार दिवसांनी या. पुरुषांना ते पटायचं, आमच्या पावसात गोधड्या सुकत नाहीत तिथे रंग कुठला सुकतोय. पण वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होतं की ती चार दिवस बाहेरची आहे, मूर्तीला शिवायची नाही, म्हणून डोळे थांबलेत. विहिरीवर कपडे धुताना ती स्वतःच म्हणायची, "रंग ओलो झालो गो आजपासून," आणि आम्ही खिदळायचो. पुढे वय झालं, ते थांबलं, तेव्हा शाळेत डोळे वेळच्या वेळी व्हायला लागले. पुरुष म्हणायला लागले, हल्ली रंगाची जात सुधारली.

मी म्हटलं, भावोजी, मला नका सांगू, डोळे तीच आखायची, दोन ओळी तेवढ्या लिहून द्या. ते बराच वेळ गुडघ्यावर हात चोळत राहिले. मग म्हणाले, "गावाक ठावक नाय ता. कळला तर पाट दुसऱ्या शाळेत जातले."

"गावातल्या बायकांका सगळा ठावक आसा," मी म्हटलं.

"बायकांका?" त्यांनी मान वर केली. "कदीपासून?"

मी नुसतं त्या 'ओल्या' रंगाकडे बोट दाखवलं. त्यांना कळलं असावं, कारण कान लाल झाले त्यांचे, ऐंशीच्या घरातल्या माणसाचे. मग म्हणाले, निदान चवथ तरी होऊन जाऊ दे. त्यांची अडचण मला कळत होती. मुलगा हल्ली मूर्ती घडवतो, शाळा त्याला चालवायची आहे, आणि डोळे बाईमाणसाने आखलेले म्हटल्यावर नाक मुरडणारे अजूनही आहेत. मी परत आले. कमिटीला सांगितलं, माहिती जमवते आहे.

यंदाचे डोळे भावोजींनी स्वतः आखले. हात पूर्वीचा राहिला नाही, तरी आखले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. डोळे आखायला ती दुपारी दाराच्या उजेडाला बसायची. आधी पाटावरचं नाव वाचायची, कुठल्या घरचा, मग कुंचला उचलायची. बोलायची नाही, श्वाससुद्धा धरून ठेवायची. माझे यजमान गेले त्या वर्षी आमचा गणपती साधेपणानेच आणला, आरास नाही, काही नाही. पूजेला बसले तर मला वाटलं, देव खाली बघतोय. पापणी जरा उतरलेली. मी वर बघून रडले तर त्याने बघू नये, असं काहीतरी. आठवड्याने तिला विचारलं, हे तू मुद्दाम केलंस काय? ती कुंचले धूत होती. म्हणाली, "दुखाच्या घरात डोळे वटारलेलो देव कित्याक व्हयो?" आणि बाळ झालेल्या घरी मोठे, टपोरे. लग्न ठरत नसलेल्या पोरीच्या घरी थोडे खट्याळ. हे तिने घोवालाही सांगितलं नव्हतं. "तेका सांगलंय तर म्हणतलो, सगळे सारखे कर, येळ जाता," असं म्हणाली होती.

यंदा सगळ्या घरांतले डोळे सारखे होते. चांगले होते, नाही असं नाही. मी पाच-सहा घरी दर्शनाला गेले, सगळीकडे तेच रोखून बघणं. बायका नमस्कार करून जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

सेक्रेटरीकडे शेवटी गेले. त्याची आई माघात गेली, म्हणजे आरास नव्हतीच. त्याने मला ओसरीवर बसवलं, खीर दिली. मग कचेरीची भाषा विसरून म्हणाला, "काकी, यंदा देवासमोर बसवत नाय. बाबा गेले त्या वर्सा असो नव्हतो तो."

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पाटावरचं घराचं नाव ती आधी वाचायची ते, पापणीचं, सगळं. तो आत बघत राहिला, गणपतीकडे. म्हणाला, म्हणजे बाबा गेले तेव्हा तिने... खीर तशीच वाटीत थंड झाली.

विसर्जनानंतर मी भावोजींकडे गेले. वाटलं होतं, पुन्हा समजूत घालावी लागेल. पण त्यांनीच आधी सुरुवात केली. आमच्या घरचे डोळेही मीच आखले यंदा, म्हणाले. पाच दिवस समोर बसलो, वैनी, आणि पाच दिवस मलाच वाटत होतं की मी माझ्याकडेच बघतोय. ती कशी आखायची ते मी कधी नीट बघितलंच नाही. पाट जायचे तर जातील.

तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. पुतणीच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केला, त्यामुळे तिच्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्या भरलेला हात आहे. तो कुणाचा, यावर वाडीत अजून वाद चालू आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही फोटो लावले. मिठबावकरणीच्या फळीवर चार पुस्तकं. हिच्या फळीवर ठेवायला काय, तर भावोजींनी एका पुठ्ठ्यावर कुंचल्याने लिहून आणलं होतं, "आमच्या शाळेतल्या गणपतींचे डोळे हिने आखले." एके काळी गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला तो हात, पण आता अक्षरं वरखाली गेलेली, एक वेलांटी तर पुठ्ठ्याबाहेर निघालेली. सेक्रेटरी म्हणाला, छान आहे, पण कॉम्प्युटरवर नीट करून छापून घेऊ या का?

मी तोंड उघडायच्या आधीच भावोजी म्हणाले, "नको. हयसर माझोच हात व्हयो."

पुठ्ठ्याला खिळा मात्र सेक्रेटरीने ठोकला.