खोड आधी सांगायची

कुत्रीला मी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की ठेवून घ्यावं लागतं, आणि मी स्वतःच दुसऱ्याच्या खोलीत राहत होते. "ए बाई" एवढंच म्हणायची. तेवढ्यावर ती मान वळवायची.

चिखलीच्या या गल्लीत मला कुणी बोलावलेलं नव्हतं. नवऱ्याचा रोलर रस्त्याच्या कामावर होता, त्याच्यामागं मी जतकडून इकडं आले. काम पुढं सरकलं तसा तोही पुढं सरकला, आणि एका गावापासनं पुढं त्याचा फोन लागेनासा झाला. सातवीतनं शाळा सोडलेल्या बाईला काय येतं? पोळ्या येतात. घरमालकीण काकूंची मेस होती. त्यांनी पोळ्यांचं काम दिलं आणि मागची खोली दिली. ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. काकूही मला ते विसरू देत नाहीत.

कुत्री मला उंद्रीच्या रस्त्याला सापडली. एका बंद पडलेल्या धाब्याच्या खांबाला बांधून कुणीतरी निघून गेलं होतं. दोरी गळ्यात रुतून कातडीखाली गेलेली. ती बांधलेली आणि बाकीची मोकळी, त्यामुळं येता-जाता कुत्र्यांनी तिला फाडलं होतं. एक कान चिंधीसारखा लोंबत होता. मी जवळ गेले तर ती गुरगुरलीसुद्धा नाही. मी दोरी कापली, पदरात गुंडाळून रिक्षात घातली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, "ही माणसाला काही करणार नाही. पण दुसऱ्या कुत्र्याजवळ हिला कधी सोडू नका. एकटीच ठेवा."

"एकटी कुठं ठेवू, साहेब?"

डॉक्टर हात धुवायला लागले. इथं कुत्रं कुणा एकाचं नसतंच, ते गल्लीचं असतं. सकाळी या दारात, दुपारी त्या दारात. आमच्या गल्लीचा एक म्हातारा लंगडा कुत्रा होता, पिवळा. त्याला पहिली पोळी टाकल्याशिवाय काही बायका स्वतः जेवत नसत. मेसच्या मागच्या दाराशी तो मालकासारखा आडवा पडायचा.

जखम भरेपर्यंत कुत्रीनं मान वर केली नाही. अंगात जीव आला त्या दिवशी तिनं साखळीचा खिळा उपटला आणि लंगड्याला धरलं. भुंकणं नाही, इशारा नाही, सरळ कान. मी पाण्याची बादली ओतली तेव्हा सोडलं. अर्धा कान गेला होता बिचाऱ्याचा. मी हळद घेऊन धावले तर समोरच्या वहिनींनी माझा हात झटकला.

"हात नोको लावू त्याले! पयले तुयं वाघरू बांध!"

त्या दिवसापासनं गल्ली माझ्यावर उलटली. मी नळावर गेले की बोलणी बंद व्हायची आणि पाठ वळवली की सुरू व्हायची. माझ्या उंबऱ्यावर खरकटं पाणी यायचं. पत्र्यावर दगड यायचे. मी घाबरट बाई आहे. आधीच जिवाला घोर, त्यात हा. कुत्रीला साखळी दुहेरी केली, खिळ्याच्या जागी लोखंडी कडी बसवून घेतली, आणि आमच्याकडं पिकातनं जाताना बैलाला घालतात तसलं दोरीचं मुसकं विणून तिच्या तोंडाला घातलं. तरी बोलणारे बोलतच होते.

"काऊन व, बांधून ठेवलं म्हन्ते ना? मंग आमचे पोट्टे काऊन भेतात?"

"ती माणसाला काही करत न्हाय, वहिनी."

"न्हाय म्हन्ते पाहा! जतची हाये ना. तिकडं मानसं बोलतात न्हाय न्हाय, अन् कुत्रे करतात हाव हाव!"

इकडं 'हो'ला 'हाव' म्हणतात. सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसून सांगते कुणाला? घरी येऊन मात्र तव्यावर पोळी इतकी दाबली की भोक पडलं. मला त्या बायकांचा राग येतो. आजही येतो. आणि त्यांच्याच घरातल्या डाळीच्या वाटीवर मी पहिला महिना काढलाय, हे आठवलं की त्या रागाचाही राग येतो.

शेवटी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. चुलीवरनं उठून आलेल्या, हातात उलथनं.

"हे पाह्य. खोली मी तुले देल्ली. त्या कुत्रीले नाही देल्ली. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत तिची सोय लाव. नाही तं माया पुतन्या तिले जीपमध्ये टाकून घाटाखाली सोडून येईन."

घाटाखाली म्हणजे अनोळखी गाव, अनोळखी कुत्री. एक दिवस टिकली असती फार तर. हे मला कळत होतं आणि काकूंनाही कळत होतं.

"मी कुणीतरी बघते, काकू."

"अन् पाहशीन तं तोंड सांभाळून बोल. लय गरीब हाये, लय गुनाची हाये, असं सांग. एकदा घेतलं की ते जानो अन् त्याइचं कुत्रं जानो."

इथं मला माझा बाप आडवा आला. तो खिलार बैलांच्या खरेदी-विक्रीत होता. बाजारात त्याच्यासारखे बरेच होते, पण त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक समोर आलं की जनावराच्या पुढ्यात उभं राहून आधी खोड सांगायची. हा उजव्या अंगानं मारतो. हा पाणी बघून बसतो. गुण त्याचं त्याला दिसतात, म्हणायचा. खोड लपवून दिलेलं जनावर परत येतं, आणि परत आलेल्या जनावराला वाली नसतो. शाळेनं मला काय शिकवलं ते सगळं पुसलं गेलं. हे तेवढं राहिलंय.

म्हणून मी विचारीन त्याला आधी खोड सांगत गेले. दूधवाल्याला सांगितली, मेसच्या पोरांना सांगितली, रसवंतीवाल्याला सांगितली. खोड ऐकली की माणूस चहाचा कप खाली ठेवायचा आणि निघायचा.

मग काकूंनीच उंद्रीचं एक घर शोधलं. वांगी-टमाट्याची शेती, मोठं अंगण, सगळी माणसं बोलायला गोड. काकूंनी त्यांना फोनवर काय सांगितलं होतं ते मला तिथं पोचल्यावर कळलं. घरातला कर्ता पुरुष पुढं येऊन म्हणाला, "हेच का ते गरीब कुत्रं? आवं ताई, बिचारीचं तोंड काऊन बांधून आनलं?"

"गरीब आहे, पण दुसरं कुत्रं दिसलं की धरते. तुमच्याकडं कुत्रं आहे का?"

"हाये ना. ते पाहा, म्हातारं. काहीच नाही करत."

खाटेखालनं एक पांढरं तोंड वर आलं. मी दोरी हाताला गुंडाळली. "मग नको, दादा. हिची खोडच ती आहे. मी हिला परत नेते."

"आवं कुत्र्या-कुत्र्यात होतच राह्यते! दोन रोज गुरगुरतीन, मंग एका ताटात खातीन."

घरातल्या आजी म्हणाल्या, "पानी तं पिऊ दे लेकराले." आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्या माणसानं मायेनं मुसकं वर सरकवलं.

मायाळू माणसांची मला तेव्हापासनं भीती वाटते. वाईट माणूस निदान ऐकतो, त्याला काय लपवलंय ते शोधायचं असतं. या माणसाला वाटलं, आपण प्रेमानं पाणी दाखवलं की झालं. दोरी माझ्या तळहाताची साल काढून सुटली. खाट उलटी झाली. मी तिचे मागचे पाय धरून उचलले, कुणीतरी पोतं टाकलं, तेव्हा म्हातारं सुटलं. जगलं ते. मान सुजली, पण जगलं. मी पुन्हा-पुन्हा चौकशी करून खात्री करून घेतली.

आता गोड माणसं गोड राहिली नव्हती.

"आनलं कायले तुमी हे! मारासाठी आनलं काय?"

"मी सांगितलं होतं की दादा—"

"चाला, निंघा इथून!"

सांगितलेलं कुणाच्याच ध्यानात नव्हतं. रस्त्यावर एका जीपवाल्यानं कुत्रीच्या तोंडाचं रक्त बघून हात हलवला आणि जीप पुढं नेली. आम्ही दोघी उन्हातनं चालत निघालो. ती माझ्या सावलीतनं चालत होती, शेपूट हलवत, जशी काही कामगिरी करून आलीय. "ए बाई, तुझ्यामुळं माझी खोली जाणार," मी म्हणाले. तिनं मान वळवली आणि माझा सोललेला हात चाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमडापूरकडचा तो शेतकरी मेसला मिरच्या घेऊन आला. त्याला सगळी गल्ली ओळखायची. काट्यावरनं भांडणार, पिशवीवरनं भांडणार, त्याला चहा दिला तर चहात साखर जास्त म्हणून भांडणार. भावकीशी त्याचं बांधावरनं वाकडं होतं. काकू त्याला तोंडावर "भाऊ" म्हणायच्या आणि पाठीमागं "खरूज".

मिरच्या ओतता-ओतता त्यानं कुत्रीकडं बघितलं.

"उंद्रीले झालं ते इचंच काम काय?"

मी मान हलवली. आता हाही चार शिव्या देईल म्हणून पदर सावरला.

"खोड काय हाये इची? पयले खोड सांग. गुन मी पाहून घेतो."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. एवढ्या दिवसांत मी सगळ्यांना सांगत होते, पण विचारलं कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं. माणसाला नाही, वासराला नाही, कोंबडीला नाही. कुत्रं दिसलं की मात्र सोडत नाही. मरेपर्यंत सोडणार नाही.

"मंग मले पाह्यजे," तो म्हणाला.

काकू आतनं ओरडल्या, "दे, दे! आत्ता दे!" मी लाटणं खाली ठेवलं. भावकीशी वैर असलेल्या माणसाला असली कुत्री कशाला हवी? शेजाऱ्याच्या कुत्र्यावर सोडायला. आणि मग तो शेजारी एके दिवशी हिला पोळीतनं औषध घालणार.

मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. ज्यानं काही दिलं त्याच्यापुढं माझी मान आपोआप खाली जाते. पण मी म्हणाले, "आधी तुमचं शेत बघते."

"शेत पाहाले तू काय तहसीलदार हाये काय?"

"बघितल्याशिवाय देणार नाही."

काकूंचं उलथनं खाली पडल्याचा आवाज आला.

दुपारी पोळ्या उरकून मी कुत्रीला घेऊन त्याच्या टेम्पोत बसले. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पुढं येणाऱ्या प्रत्येक गाडीशी मात्र बोलला. शेतावर गेलो तर चारी बाजूंनी छातीएवढी तारेची जाळी, खालनं दगड रचलेले. मांजर आत जाणार नाही असली. भावकीतलं कुणी पाय टाकू नये म्हणून त्यानं ती केली होती. आत मिरची, वांगी, एक गोठा, दोन बैल.

माझा बाप जनावर देण्याआधी घेणाऱ्याच्या दावणीला जायचा आणि त्याच्या बैलांच्या पाठी बघायचा. मीही बघितल्या. खांद्यावर जोखडाचे जुने घट्टे होते, पण पराणीची टोचलेली खूण एकही नव्हती. बैलांनी त्याला बघून भांडखोर माणसाला बघतात तसं बघितलं नाही. एकानं त्याचा सदरा चावला.

"झालं काय पाहून?"

"कुत्रीची खोड मी सांगितली," मी म्हणाले. "आता तुमची सांगा."

"काय?"

"तुमची खोड. हिला कुणाच्या कुत्र्यावर सोडणार असाल तर आत्ताच सांगा, मी चालत परत नेते."

तो इतका तापला की मी फाटकाची कडी धरून ठेवली. माझी जात-पात, जत, माझा पळालेला नवरा, सगळ्याचा उद्धार झाला. कुत्री आमच्या दोघांच्या मधे बसून मुसक्यातनं जांभया देत होती. मग त्याचा दम संपला.

"मायं कोनासंगच जमत नाही," तो म्हणाला. "बायको माहेरी जाऊन बसली. भाऊ बोलत नाही. दोन मानसं दिसले की मायं डोकं फिरते. ही खोड. पन मायं भांडन मानसाइशी हाये. कुत्र्यानं काय केलं मायं? रानडुकरं रातभर जाळीखालचे दगड उकरून राह्यले अन् इथं बोलाले कोनी नाही, म्हनून पाह्यजे. सोडतो कायले? जाळीच्या भाईर एक पाय नाही टाकू देनार."

"शपथ?"

"शपथ-बिपथ घेत नाही मी. द्याचं तं दे, नाही तं निंघ."

मी दिली. त्यानं गोठ्यातनं स्वतःचं दावं आणलं, माझी दोरी सोडली आणि माझ्या अंगावर फेकली. "आपलं दावं आपल्यापाशी ठेवाव." देणाऱ्यानं दावं देऊ नये, ही रीत आमच्याकडंही आहे. मुसकं त्यानं स्वतः काढलं. आत दुसरं कुत्रं नव्हतं. ती जाळीच्या कडेनं हुंगत पूर्ण वावर फिरून आली आणि बैलांच्या सावलीत आडवी पडली. मी जाताना तिनं डोळे उघडले नाहीत.

गल्लीत परत आले तर काकू म्हणाल्या, "उशीर केला. पोरं उपाशी हायेत." मी कणीक मळायला बसले. मागच्या दाराशी लंगडा येऊन आडवा पडला होता, अर्ध्या कानाचा. मी त्याला पहिली पोळी टाकली. समोरच्या वहिनी बघत होत्या. उंबऱ्यावरचं पाणी त्यानंतर थांबलं.

मिरच्यांच्या टेम्पोतनं मी मधनंमधनं अमडापूरला जाते. मागच्या खेपेला कुत्री मला बघून शेपूट हलवत धावत आली, आणि जाळीपाशी थबकली. तिनं माझ्या पदराचा वास घेतला. लंगडा सकाळीच माझ्या पदरावर डोकं ठेवून झोपला होता. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि ती माझ्यावर गुरगुरायला लागली, दात दाखवून, मी परकी असल्यासारखी.

तो वांग्यांतनं उठून आला. तिच्याकडं बघितलं, माझ्या पदराकडं बघितलं.

"तुलेच खोड माहीत, अन् तूच कुत्र्याचा वास घेऊन येते! जाय. पुढच्या टायमाले येशीन तं लुगडं बदलून ये."