ताईचा लाडका ‘थो’

अख्ख्या अमरावतीत कोणाला खरचटलं, भाजलं, टाके पडले की मनापासून खुश होणारी एकच व्यक्ती होती: आमच्या लॅबमधली सीनियर ताई! दुष्ट नाही हो, पीएचडी करत होती. जीव जडलेला एफएपी नावाच्या प्रोटीनवर. जखम झाली की धागे विणून ती बुजवायला ज्या पेशी धावतात ना, त्यांच्या अंगावर ते उगवतं; जखम भरली की गायब. पण कॅन्सरच्या गाठीभोवती त्याच पेशी मुक्काम ठोकतात, अन् मग हे प्रोटीनही हलत नाही! ताई त्याला ‘थो’ म्हणायची, म्हणजे वऱ्हाडीत ‘तो’, नाव न घेता, घरच्या जावयासारखं. सगळी दुनिया गाठीकडे बघते, ही गाठीच्या शेजाऱ्यांकडे. लग्नातही नवरदेव सोडून मांडवाचे दोर बघत बसायची. “अबे, नवरदेव कुठी पळते? मांडव कोनं बांधला थे पाय!”

थिसिसची मुदत आठवड्यावर, शेवटचा प्रयोग बाकी, अन् एफएपी शोधून त्याला चिकटणारी अँटीबॉडी संपलेली. अकोल्याच्या एका मॅडमनी त्यांची उरलेली कुपी दिली. दुसरी यायला महिने लागले असते. ती घेऊन ताई अन् मी एसटीनं परत निघालो. मे महिना, चहाच्या थर्मासात बर्फ, बर्फात कुपी, अन् मूर्तिजापूरजवळ एसटी बंद! त्यात ताई घडीघडी झाकण उघडून “बरा हायेस ना?” विचारणार. झालं बर्फाचं पाणी. ताई धावतच रसवंतीवर. “चाचा, बर्फ द्या जी, जीव चालला!”

“किसका?”

“याच्या आत हाय थो!”

चाचांनी गिऱ्हाइकं तशीच सोडून पोत्यातली लादी काढली. “लो बेटा, रस बाद में.” मी घाईत टोच्यानं बर्फ फोडायला गेलो अन् तळहातच फोडला. ताईनं ओढणी बांधली, पण डोळे नुसते चमकत होते. “लेका, नशीबवान हायेस! आता तुह्या हातातच येते थो!” मी रडतोय, अन् हिला हेवा!

कुपी वाचली. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली गाठ निळी, अन् तिच्याभोवती नुसत्या तपकिरी नद्या; जिथं तपकिरी, तिथं ‘थो’. बापरे! ताई हळूच म्हणाली, “यायले कोनी ‘काम झालं, घरी जा’ म्हनलंच नाही रे.”

थिसिस वेळेत गेला. ताईला हैदराबादला काम मिळालं. बडनेरा स्टेशनवर तिनं निरोपाऐवजी माझा तळहात उघडला, व्रणावरून बोट फिरवलं. “गेला वाटते थो.” अन् गाडी सुटली.

आता लॅबमध्ये कोणाला कापलं तर सगळे गुपचूप पट्टी लावतात. खुश कोणीच होत नाही.