काताल्दोचे वावभर हेकरू

आमच्या पोर्तो साल्मेओत काताल्दोला काताल्दो म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तो सगळ्यांचा 'वावभर'. दोन्ही हात आडवे ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं माप भरतं ते वाव. आणि साठेक वर्षं हा गृहस्थ बंदरावर, न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर, एवढंच काय, बायकोच्या मयताला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा हात ताणून एकच गोष्ट सांगत आला होता: घंटेच्या खडकाखाली त्याने वावभर लांबीचे हेकरू मासे पाहिले होते. एक नाही, ओळीने सात-आठ. गोठ्यात वासरं बसावीत तसे.

घंटेचा खडक, आमच्या बोलण्यात नुसती 'घंटा', बंदराच्या तोंडाबाहेर पाण्याखाली उभा आहे. काताल्दो लहान असताना बापाने त्याला होडीतून तिथे नेलं आणि काचेच्या तळाची बादली पाण्यात धरली. आमचे कोळी तिला आरसा म्हणतात. मग पोराची मान पकडून त्याने त्याचं तोंड आत खुपसलं. "बघून घे," एवढंच म्हणाला. पोराने बघितलं, आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून कधी हललंच नाही.

पुढे काय झालं ते सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. आधी मासे मारायला पाण्यात फोडायचे सुरुंग आले, मग बारीक डोळ्याची जाळी, मग उन्हाळ्यात भाल्याच्या बंदुका घेऊन बुड्या मारणारी शहरी पोरं. काताल्दोनेही काही हात आखडता घेतला नाही, सापडलं ते ओढलं. हेकरू हातभर झाले, मग वीतभर, मग दिसेनासे झाले. फार उशिरा सरकारला जाग आली आणि तो सगळा पट्टा राखीव झाला. मासेमारी बंद, नांगर टाकणं बंद. काताल्दोने त्याच दिवशी आरसा अडगळीत भिरकावला. जिथे जाळं टाकायचं नाही तिथे डोकावायचं तरी कशाला?

त्यात पोटच्या पोरीने, दोनाताने, राखीव पट्ट्याच्या गस्तीच्या होडीवर नोकरी धरली. काताल्दोने अबोला धरला. घरात माणसं दोनच, त्यामुळे हा अबोला मांजरामार्फत चालायचा. "सांग तिला, रश्शात मीठ कमी पडलंय," असं तो मांजराला सांगायचा, आणि दोनाता मांजरापुढे मिठाची बरणी आपटायची. पुढे तो निवळला, पण लेकीचा गणवेश त्याने कधी स्वतःच्या शर्टांशेजारी वाळत घालू दिला नाही.

रोज सकाळी पिप्पीच्या बारमध्ये बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली कॉफी, पत्त्यांचा डाव आणि हेकरूची गोष्ट, हा त्याचा नेम. एकदा त्याचा भाचा ब्रीत्सिओ सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, एक सांगा. दरवर्षी वाढतो तो मासा, की तुमचे हात?"

बार खो खो हसला. हा ब्रीत्सिओ राखीव पट्ट्यात लपूनछपून भाला चालवतो हे गाव जाणून होतं, पकडलं मात्र कुणी नव्हतं. ईस्टरनंतरच्या एका लग्नात पंगतीला अख्खा हेकरू आला होता. तो आला कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

एरवी अशा टोमण्याला काताल्दोने सणसणीत शिवी हासडली असती. त्या दिवशी तो हातातले पत्ते ठेवून घरी आला. दुपारी जेवताना टोमॅटो घातलेला पाव तसाच ताटात ठेवून त्याने विचारलं, "दोना, मी खरंच बघितले होते का गं?"

दोनाता त्याच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे, लहान होतो," तो म्हणाला. "काचेतून सगळं मोठं दिसतं. आणि इतक्यांदा सांगितलंय की आता मासे आठवतात की नुसती गोष्टच आठवते, ते कळेनासं झालंय. गाव हसतंय ते बरोबर असेल."

आयुष्यभर फुशारक्या मारलेल्या माणसाच्या तोंडून असं काही ऐकणं फार वाईट. दोनाता उठली आणि अडगळीतून आरसा शोधून काढला.

उत्तरेचा वारा वाहून गेला की आमच्या बाजूचा समुद्र निपचित पडतो. अशाच एका सकाळी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, बापलेक वल्ही मारत निघाले. बंदरावरच्या सगळ्यांनी पाहिलं. काताल्दोच्या मांडीवर बादली होती आणि चेहरा दवाखान्यात निघालेल्या माणसाचा होता.

घंटेपाशी पोचल्यावर त्याने खिशातून बाटली काढली आणि ऑलिव्हच्या तेलाचे चार थेंब पाण्यावर शिंपडले. बारीक लाटा दबल्या. ही बापाची पद्धत, हाताला अजून आठवत होती. गुडघ्यांवर बसून त्याने बादली पाण्यात दाबली आणि तोंड आत घातलं.

आधी नुसतं हिरवं दिसलं. समुद्री गवताचं कुरण सगळं एका अंगाला झुकत होतं, परत उठत होतं. त्याच्या तरुणपणी इथे नांगरांनी ओरबाडलेली टकली वाळू होती. होडी जरा पुढे सरकली आणि खाली घंटा दिसली. तिच्या अंगावर लाल, जांभळं, शेंदरी असं काय काय उगवलं होतं, बोटभर खडक उघडा नव्हता. चिमुकल्या काळ्या माशांचे थवे एवढे दाट की ऊन त्यांतून गाळल्यासारखं खाली जात होतं. चंदेरी मासे कळपाने वळत, आणि वळले की सगळं पाणी लखकन उजळत होतं. काताल्दोला मान वर करून लेकीला काहीतरी सांगायचं होतं, पण मान वर करवेना.

"डावीकडे, बाबा. कपारीत बघा."

कपारीत सावली होती. ती हलली.

हेकरू पोहत आला असं म्हणता येणार नाही. घरधनी दारात येतो तसा तो पुढे झाला. तपकिरी अंगावर फिकट डाग, जाड ओठ, आणि एवढा मोठा की काताल्दोला वाटलं काच फसवतेय. मासा तसाच वर आला, पाण्यात उभा राहिला आणि डोळा फिरवून त्याने बादलीकडे पाहिलं. त्याच्यामागे दुसरा निघाला. मग तिसरा. आत अजून डोकी होती, ओळीने.

काताल्दोच्या श्वासाने काच धुरकटली. बाही आत घालून त्याने ती पुसली, पुन्हा पाहिलं. होते. त्याला भीती वाटत होती आणि त्याच वेळी हसूही फुटत होतं. देवाने आपल्याला बोलावून घेऊन हे दाखवावं एवढं आपण काय केलं, असं त्याला वाटलं, आणि डोळ्यांतलं पाणी काचेवर टपटप पडलं.

"कुठे होतास रे?" तो बादलीतच म्हणाला. आवाज आत घुमला.

"तो पुढचा पन्नाशीचा तरी असेल," दोनाता म्हणाली. "हे आधी माद्या असतात. वय झालं की नर होतात."

"म्हणजे हा आधी बाई होता? तरीच टिकला."

मग तो आकडा त्याच्या डोक्यात शिरला. पन्नाशीचा. म्हणजे आपण इथे गळ टाकत होतो तेव्हा हा याच कपारीत होता, वीतभर. आपल्या हातून सुटला होता. काताल्दोने तोंड बाहेर काढलं. कपाळावर बादलीच्या कडेचा लाल वळ उठला होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं! आणि मी तिथे रोज हसं करून घेत होतो? तुझा बाप?"

"कुठे काय आहे ते बाहेर बोलायची आम्हाला मनाई आहे. आणि तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, बाबा. तुम्हाला सांगितलं म्हणजे पिप्पीच्या बारला सांगितलं. बारला सांगितलं म्हणजे ब्रीत्सिओच्या भाल्याला. हे तर हात लावू देतील एवढे जवळ येतात. एका सकाळीत संपतील."

"मग आज का आणलंस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून. खरंच बघितले होते का, असं." तिने वल्ही हातात घेतली. "आता बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी अडवणार नाही. तुमचाही हक्क आहे त्यावर."

परतताना काताल्दो पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता. वरून तर नुसतं पाणी दिसत होतं, इतर कुठल्याही पाण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तो बारमध्ये शिरला तेव्हा पत्ते वाटायचे थांबले. पिप्पीने न मागता कॉफी पुढे सरकवली. आरसा घेऊन निघालेली होडी सगळ्यांनी पाहिली होती, सगळे वाट बघत होते.

"काय मामा," ब्रीत्सिओने खुर्ची जवळ ओढली, "भेटले का पाहुणे?"

काताल्दोने त्याच्याकडे पाहिलं. बहिणीचा मुलगा, हसतमुख, उन्हाने रापलेला. हा हसत होता, पण कान टवकारून बसला होता. काताल्दोच्या छातीत ती सगळी कपार डोळे उघडून जागी होती. एक वाक्य बोललं की साठ वर्षांचं हसं धुऊन निघणार होतं. ज्यांनी नाव पाडलं तेच उठून खांद्यावर हात टाकणार होते. आणि हे सगळं शपथ घेऊन सांगायला खुद्द गस्तीवरची पोरगी साक्षीला होती.

"खडक," तो म्हणाला. "खडक आणि गवत."

"आणि वावभर हेकरू?"

"कसले हेकरू? पोरवयात काहीतरी बघितलं असेल. बाकी थापा मारल्या मी."

 बार असा हसला की रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबल्या. पिप्पी डोळे पुसत म्हणाला, "आजची कॉफी माझ्याकडून, वावभर! कबूल तरी केलंस बाबा एकदाचं." ब्रीत्सिओने मामाच्या पाठीवर थाप मारली आणि तो पत्त्यांकडे वळला. काताल्दोही सगळ्यांबरोबर हसत होता. हात आपसूक ताणले जातील म्हणून त्याने ते दोन्ही मांड्यांखाली दाबून धरले होते.