नेणारे : हे

वहिनींना त्या प्रकल्पातले सगळेच वहिनी म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्यांना तो शब्द नात्याचा आहे हेच ठाऊक नाही. झालं असं, की सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या दिरांनी पहिल्याच सामूहिक पत्रात लिहिलं, ‘पुस्तिकेबद्दल शंका असल्यास वहिनींना विचारा.’ परदेशातल्या लोकांना वाटलं, बाईंचं नावच वहिनी. तेव्हापासून जगाच्या पाठीवरून ‘आदरणीय श्रीमती वहिनी’ अशी पत्रं येतात. एकाने तर ‘आपण बाई आहात की बुवा?’ असंही विचारलं होतं. वहिनींनी उत्तरादाखल त्याला हवं होतं ते पान पाठवलं आणि बाकीचं गुलदस्त्यात ठेवलं.

प्रकल्पाचं नाव ‘कप्पा’. दवाखान्यातल्या औषधांचा साठा सांभाळणारा हा प्रोग्रॅम. कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, जमलं तर दुरुस्त करावा. वहिनी तेव्हा एका रुग्णालयाच्या औषधभांडारात टायपिस्ट होत्या. औषध आलं की एक कार्ड, गेलं की दुसरं. त्या कार्डांच्या कपाटाला त्या इतक्या शिव्या घालत, की दिरांनी शेवटी कंटाळून कप्पा लिहिला. पण भाऊजींची गंमत अशी, की त्यांना यंत्राला सगळं समजावता येई, माणसाला काही म्हणजे काही समजावता येत नसे. म्हणून प्रोग्रॅम कसा वापरायचा हे सांगणारी पुस्तिका लिहायचं काम वहिनींच्या गळ्यात पडलं.

ती त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर लिहिली. समोर नवरा वर्तमानपत्रात डोकं खुपसून खोकत बसलेला. औषध देताना नोंद कशी करायची, याचा नमुना हवा होता. वहिनींनी समोर पाहिलं आणि लिहिलं: ‘औषध : खोकल्याचं. बाटल्या : एक. नेणारे : हे.’

भाऊजींनी वाचलं आणि कपाळावर हात मारला.

“वहिनी, ‘हे’ कोण?”

“तुम्हाला माहीत नाही होय?”

“मला माहीत आहे हो. जगाला कसं कळणार?”

“जगाला काय करायच्यात नसत्या चौकश्या!”

वर्तमानपत्रामागून आवाज आला, “राहू दे रे. एरवी मला कोण छापणार आहे?”

राहिलं ते राहिलंच. पुढे पुस्तिकेची नऊ भाषांमध्ये भाषांतरं झाली. भाषांतरकारांना ‘हे’ काही उलगडलं नाही. प्रोग्रॅमचा खास शब्द असेल असं समजून त्यांनी तो जसाच्या तसा ठेवला.

माणसं वर्षं मोजतात, वहिनी आवृत्त्या मोजतात. मुलीचं लग्न पहिल्या आवृत्तीत झालं, गुडघ्याचं दुखणं दुसरीत सुरू झालं. दुसरी संपून तिसरी यायच्या आत हे गेले. तिसऱ्या आवृत्तीत नव्या मंडळींनी नमुना बदलून ‘नेणारे : रुग्ण-१’ केलं. वहिनींनी ते पान तसंच लावलं. बदल बरोबरच होता.

आता पाचवी आवृत्ती चालू आहे. दुसरीपासूनच्या प्रत्येक आवृत्तीची पानं संकेतस्थळावर वेगवेगळ्या खणात ठेवायची, हा वहिनींचा शिरस्ता. जुनं पान पुसायचं नाही. त्याच्या माथ्यावर पिवळी पट्टी लावायची: ‘हे पान जुन्या आवृत्तीचं आहे, नवं इथे पाहा.’ भांडारातल्या जुन्या कार्डांना त्या पिवळी चिकटपट्टी लावायच्या, तीच सवय. घराबाहेरची चप्पल आणि घरातली चप्पल यांत ज्याला फरक कळतो, त्याला हे कळायला हरकत नाही, असं त्या म्हणत.

आणि नेमकी त्यांच्याकडूनच चूक झाली. दुसऱ्या आवृत्तीच्या चारशे बारा पानांपैकी एका पानावर पट्टी लावायची राहिली. एक औषधवाले शोधत शोधत त्याच पानावर पोचले आणि पाचव्या आवृत्तीवर दुसरीची कृती करून बसले. दिवसभराची मोजदाद गेली. बिचाऱ्यांना सगळ्या बाटल्या पुन्हा मोजाव्या लागल्या.

भाऊजींचा फोन आला. आता तेही साठीचे, पण वहिनींशी बोलताना अजून थोडे चाचरतात.

“वहिनी, नवं संकेतस्थळ करतोय. शेवटच्या दोनच आवृत्त्या ठेवू. पिकली पानं गळायचीच.”

“मला म्हणताय की पानांना?”

“अहो, थट्टा नका करू. जुन्या पानांनी लोकांची दिशाभूल होते.”

“दिशाभूल पट्टी नसल्यानं झाली. ती माझी चूक. पानाला कशाला फाशी?”

भाऊजींनी अट घातली. “बरं. दुसरी आवृत्ती वापरणारा एक तरी माणूस दाखवा. महिनाअखेरपर्यंत. मग एक पान हलवणार नाही.”

खरं कारण वहिनींना सांगता आलं नाही. सांगायचं तरी काय? घरात नवऱ्याचे फोटो होते, पण त्या सगळ्यांत ते छातीत हवा भरून, कुणाच्या तरी लग्नात उभे. टेबलाशी बसलेले, खोकणारे, ‘राहू दे रे’ म्हणणारे हे फक्त दुसरीतल्या त्या नमुन्याच्या पानावर होते. मुलगी म्हणाली, “आई, ती पानं तुझ्या कॉम्प्युटरवर ठेव ना उतरवून.” वहिनी म्हणाल्या, “कपाटात ठेवलेली पुस्तिका कुणी वाचत नाही गं.”

त्या कामाला लागल्या. रोज सकाळी चहा झाला की पंचवीस पानं. प्रत्येक पान उघडायचं, त्याच्या खणात बसवायचं, नवी पट्टी लावायची. पट्टीत एक ओळ वाढवली: ‘ही आवृत्ती अजून वापरत असाल तर कृपया कळवा.’ मधूनच एखाद्या पानावर त्या थबकत. इथे वीज गेली होती आणि यांनी कंदील धरला होता. इथे ‘गोळ्या’ की ‘गोळया’ यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. पट्ट्या सगळ्या लावून झाल्या. पत्रं दोनच आली: एक गळकी छपरं दुरुस्त करणाऱ्याची जाहिरात, आणि दुसरं, ‘ही आवृत्ती संग्रहालयात ठेवायची का?’ असं विचारणारं. वहिनींनी आशा सोडली.

महिना संपायला दोन दिवस असताना तिसरं पत्र आलं. लांबच्या एका बेटावरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचं. यंत्राने भाषांतर केलेलं, अडखळत चालणारं.

‘आदरणीय श्रीमती वहिनी, आमचं यंत्र जुनं आहे, त्यावर दुसरीच आवृत्ती चालते. कृपया पानं काढू नका. एक शंका आहे. पुस्तिकेत नेणाऱ्याच्या जागी ‘हे’ असं दाखवलं आहे. आमच्याकडे काही लोक नाव सांगत नाहीत, काहींना सांगता येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही ‘हे’ लिहितो. माझ्या आधीच्या सिस्टरही तसंच लिहीत. एकोणीस वर्षांत ‘हे’ यांनी चार हजारांहून जास्त वेळा औषध नेलं आहे. आता माझी बदली होत आहे. पुढच्या सिस्टरना समजावं म्हणून ‘हे’ म्हणजे काय ते पानावर लिहाल का?’

वहिनींना रडू आलं. त्यांनी ते पुरतं येऊ दिलं, मग डोळे पुसून भाऊजींना फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

“एकोणीस वर्षं?” भाऊजींनी विचारलं. “दादाचा खोकला गेला नाही वाटतं अजून.”

“तुमच्या दादांनी औषध वेळेवर घेतलं कधी?”

दोघंही हसले. “राहू द्या पानं,” एवढं म्हणून भाऊजींनी फोन ठेवला.

वहिनींनी दुसऱ्या आवृत्तीतलं ते पान उघडलं. नमुन्याखाली तळटीप लिहायची होती. आता तरी नाव लिहावं, असं एकदा मनात आलं. दोन अक्षरं टाइपही केली, आणि पुसली. मग लिहिलं:

‘हे : घरचं माणूस. नाव विचारू नये, औषध द्यावं.’